साक्ष कोणाची? : ऑनलाइन बाजारातील ग्राहकांचे अभिप्राय आणि त्यांची विश्वासार्हता



ज्या शाळेत पाटीवर पहिले अक्षर गिरवले, त्याच शाळेने स्मृतिव्याख्यानासाठी बोलवावे, यापेक्षा मोठा सन्मान विद्यार्थ्याला कोणता असू शकेल? ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्या गुरुजींची एक सवय माझ्या वयाच्या अनेकांना आठवत असेल. वर्गातला कोणी तक्रार घेऊन गेला की ते लगेच छडी उचलत नसत. तक्रार करणाऱ्याला आधी समोर उभे करून तीन प्रश्न विचारत. ‘तू स्वतः पाहिलेस का? हे सांगून तुला काय मिळणार? आणि हेच त्याच्या तोंडावर सांगशील का?’ पुष्कळशा तक्रारी पहिल्या प्रश्नालाच गळून पडत. उरलेल्यांपैकी काही दुसऱ्याला. तिसऱ्या प्रश्नातून पार होणारी तक्रार मात्र ते मन लावून ऐकत.

आजचा विषय गुरुजींच्या काळी अस्तित्वातही नव्हता. पण या विषयाचा विचार करू लागलो तेव्हा ग्रंथांआधी मला त्यांचे हे तीन प्रश्न आठवले. ऑनलाइन बाजारात वस्तूखाली दिसणारे तारे आणि त्याखालचे चार ओळींचे अभिप्राय म्हणजे तरी काय? ती साक्षच आहे. एका अनोळखी माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसाला दिलेली साक्ष. आणि साक्ष म्हटली की ती तपासण्याचे नियम जुनेच असतात.

आपल्या परंपरेने या नियमांचा विचार फार पूर्वी केला आहे. गौतमांच्या न्यायसूत्रांत ज्ञानाची चार साधने मानली आहेत. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांतील शब्द म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळणारे ज्ञान. परंतु कोणाच्याही नव्हे, आप्ताच्या सांगण्यावरून. आप्त म्हणजे नातेवाईक असा अर्थ येथे नाही. भाष्यकार वात्स्यायनांच्या मते ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. विशेष म्हणजे ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना हे लक्षण सारखेच लागू पडते, असेही ते सांगतात. साक्षीदाराची जातकुळी पाहू नये, त्याचे ज्ञान आणि त्याचा हेतू पाहावा, हा त्यातला बोध. गुरुजींचे पहिले दोन प्रश्न याहून वेगळे नव्हते.

आता आपल्या मुलखाकडे वळू. मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषा एकाच बाजारात ऐकू येणारा हा सीमेवरचा प्रदेश. येथला माणूस बैल घ्यायला जाई तेव्हा दात पाही, खूर पाही, चालवून पाही. आणि तरीही सौदा करण्यापूर्वी विकणाऱ्याच्या गावचा कोणी भेटतो का ते शोधी. बैल मारका आहे का, जुवाखाली बसतो का, हे दातांवरून कळत नाही; ते शेजाऱ्यालाच ठाऊक असते. बाजारात दलालही असत. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवत आणि बैलाची तोंड भरून स्तुती करत. पण दलाल हा दलाल म्हणूनच सर्वांना माहीत असे. त्याच्या स्तुतीतून किती वजा करायचे, हे पोराटोरांनाही कळे. तो गिऱ्हाइकाचे मुंडासे बांधून गिऱ्हाइकांच्या घोळक्यात उभा राहत नसे. ऑनलाइन बाजारातील खोटा अभिप्राय म्हणजे गिऱ्हाइकाचे मुंडासे बांधलेला दलाल होय.

विकणाऱ्याला मालाचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. या विषमतेमुळे चांगला माल बाजारातून हटत जातो आणि वाईट माल उरतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवले आणि 2001 साली नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांत त्याची गणना झाली. ग्राहकांचे अभिप्राय हा या रोगावरचाच उपाय म्हणून पुढे आला. कल्पना उत्तम होती. पूर्वी एका गावापुरता असलेला शेजारी आता देशभर मिळू लागला. परंतु ज्या शब्दाने माल खपतो त्या शब्दालाही किंमत येते, आणि ज्याला किंमत आली तो विकतही मिळू लागतो. हार्वर्डच्या मायकेल लूका यांनी 2011 साली सिएटल शहरातील उपाहारगृहांचा अभ्यास मांडला. एक तारा वाढला की उत्पन्न 5 ते 9 टक्क्यांनी वाढते, आणि हा परिणाम नामांकित साखळ्यांवर नव्हे तर स्वतंत्र, लहान उपाहारगृहांवर होतो, असे त्यांना आढळले. एका ताऱ्याचे मोल इतके असेल तर तारे खोटे पाडणारी टांकसाळही निघणारच.

ती टांकसाळ कोठवर जाऊ शकते याचा एक नमुना लंडनमध्ये दिसला. ऊबा बटलर नावाच्या लेखकाने डलिच भागातील आपल्या बागेतली लाकडी खोली उपाहारगृह म्हणून ट्रिपअ‍ॅडव्हायझर या संकेतस्थळावर नोंदवली. तेथे ना चूल होती, ना आचारी. मित्रांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेत 2017 च्या नोव्हेंबरात ते ठिकाण लंडनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. जागा राखून ठेवण्यासाठी लोक दूरध्वनी करत होते. तेथे कोणीच जेवले नव्हते, आणि तरीही शहरातले सर्वोत्तम जेवण तेथेच होते!

आपण हसलात, मीही हसलो होतो. पण आता मला एक कबुली द्यायची आहे. ती टाळून या विषयावर बोलण्याचा अधिकार मला नाही. काही वर्षांपूर्वी धाकट्या भावासाठी मी बॅटरीवर चालणारा फवारणी पंप ऑनलाइन मागवला. खोक्यात एक चिठ्ठी होती. पाच तारे द्या, छायाचित्र टाका आणि थोडी रक्कम परत मिळवा. पंप अजून पाण्यानेही भरला नव्हता. मी पाच तारे दिले, ‘शेतकऱ्यांसाठी उत्तम’ असे लिहिले आणि रक्कम घेतली. मला त्यात काही गैर वाटले नाही. कापसावर फवारणीची घाई सुरू झाली तेव्हा दुसऱ्या महिन्यात बॅटरीने मान टाकली. त्याचे दुःख फारसे नव्हते. दुःख झाले ते गावातल्या एका शेतकऱ्याने विचारले तेव्हा. ‘मास्तर, तुमचं नाव पाहून मी तोच पंप घेतला. तुम्ही लिहिलं होतं ना?’ त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

गुरुजींच्या तीनही प्रश्नांना मी नापास झालो होतो. मी पंप चालवून पाहिला नव्हता. सांगून मला पैसे मिळाले होते. आणि तेच त्या शेतकऱ्याच्या तोंडावर मी सांगू शकलो नसतो. खोटे अभिप्राय कोणी भामटेच लिहितात, ही आपली समजूत चुकीची आहे. ते माझ्यासारखी पेन्शन घेणारी, देवभीरू माणसेही लिहितात, थोड्याशा परताव्यासाठी.

या सगळ्यामागचे गणित शाळकरी आहे. विद्यार्थ्यांनी ते मनात करून पाहावे. एखाद्या वस्तूला आठ प्रामाणिक ग्राहकांनी तीन-तीन तारे दिले. सरासरी तीन. त्यात पाच ताऱ्यांचे दहा विकत घेतलेले अभिप्राय मिसळले की सरासरी चारच्या वर जाते. मात्र हजारो अभिप्राय असलेल्या वस्तूला असे दहा अभिप्राय हलवूही शकत नाहीत. म्हणून तारे पाहण्याआधी ते किती जणांनी दिले हे पाहावे. दुसरी गोष्ट, फार खूश झालेला आणि फार चिडलेला माणूसच बहुधा लिहायला बसतो. मधला, समाधानी, मोठा वर्ग गप्प असतो. म्हणून दोन आणि तीन ताऱ्यांचे अभिप्राय आवर्जून वाचावेत. गुण आणि दोष दोन्ही सांगणारा माणूस तेथे सापडण्याची शक्यता अधिक.

परंतु न्याय केवळ ग्राहकालाच हवा असे नाही. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात मोहफुलांचे लाडू करून विकणाऱ्या आदिवासी भगिनी आहेत. समजा, असा एखादा गट ऑनलाइन बाजारात उतरला. पहिल्या चार ग्राहकांनी पाच-पाच तारे दिले. मग एखाद्या प्रतिस्पर्ध्याने दोन खोट्या नावांनी एकेक तारा दिला. सरासरी पाचवरून पावणेचारच्याही खाली येते. मोठी कंपनी हा घाव सहज सोसते. त्या भगिनींचा हंगाम बुडतो. शिवाय खोके फाटले, पोहोचवणारा उशिरा आला, याची शिक्षाही पुष्कळदा लाडू करणाऱ्या हातांना मिळते. आरोपीला आपली बाजू मांडू देणे हा न्यायाचा पाया आहे. म्हणून विक्रेत्याला उत्तर देण्याची जागा हवी, आणि वस्तू, पोहोच व वागणूक यांचा हिशेब वेगवेगळा हवा. मात्र उत्तराचा अधिकार म्हणजे सूड घेण्याचा अधिकार नव्हे. ईबे या संकेतस्थळावर पूर्वी विक्रेतेही ग्राहकांना वाईट शेरा देऊ शकत. त्या भीतीने ग्राहक खरे बोलेनासे झाले, म्हणून 2008 साली विक्रेत्यांना तशी मुभा बंद करण्यात आली.

कायद्याने काय केले, हे थोडक्यात सांगतो. ग्राहक हा संघटित झाला पाहिजे, हा विचार महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी यांनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायत स्थापून रुजवला. 1986 साली ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याची जागा घेणारा 2019 चा कायदा 2020 च्या जुलैत अमलात आला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियमही निघाले. विक्रेत्याने स्वतःला ग्राहक म्हणून खोटेच भासवून अभिप्राय लिहू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. मुंडासे बांधलेल्या दलालाला केलेली ही मनाई! पुढे नोव्हेंबर 2022 मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आय.एस. 19000 हे मानक आणले. लिहिणारा माणूस खरा आहे याची पडताळणी, अभिप्राय छापण्यापूर्वी त्यांची छाननी, पारदर्शकता आणि लिहिणाऱ्याच्या खासगी माहितीचे रक्षण अशी तत्त्वे त्यात आहेत. आणले तेव्हा ते ऐच्छिक होते, ही त्याची मर्यादा. अमेरिकेत 2024 च्या ऑक्टोबरपासून खोटे अभिप्राय लिहिणे, विकणे आणि विकत घेणे यांवर बंदी घालणारा नियम लागू झाला. त्याने यंत्राकडून लिहवून घेतलेल्या बनावट अभिप्रायांनाही कक्षेत घेतले. फसलेल्या ग्राहकाने 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. आणि आपण राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही, हे लक्षात ठेवावे.

तथापि कायदा गुरुजींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर फार तर अर्धे मिळवू शकतो. वस्तू खरोखर विकत घेतली होती का, हे यंत्र सांगेल. ती वापरली होती का, हे यंत्राला ठाऊक नाही. माझी खरेदी अस्सल होती, नाव खरे होते, छायाचित्रही माझेच होते. साक्ष तेवढी खोटी होती. कोणत्याही छाननीतून मी सहीसलामत सुटलो असतो. म्हणून या प्रश्नाचे शेवटचे टोक बाजारात नाही, लिहिणाऱ्याच्या हातात आहे.

तो शेतकरी गेल्यावर मी माझा अभिप्राय काढून पुन्हा लिहिला. पंप किती दिवस चालला, बॅटरी केव्हा बंद पडली आणि आधीचे पाच तारे मी पैसे घेऊन दिले होते, हे सारे लिहिले. त्या शेतकऱ्याच्या पंपाची नवी बॅटरी माझ्या पैशाने घेऊन दिली. तो नको म्हणत होता. पैसे फार नव्हते. पण त्या दिवशी मला बऱ्याच वर्षांनी वर्गात उभे राहून गुरुजींना उत्तर दिल्यासारखे वाटले.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या हातात आता पाटी नाही, दूरध्वनी आहे. त्यावर तारा उमटवण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि ते तीन प्रश्न स्वतःला विचारा. मी स्वतः वापरले का? सांगून मला काय मिळणार? आणि ज्याच्याविषयी लिहितो त्याच्या, तसेच माझ्या शब्दावर विसंबून पैसे मोजणाऱ्याच्या, तोंडावर मी हे सांगेन का? या शाळेचा विद्यार्थी खोटी साक्ष देत नाही, एवढी ख्याती आपण मिळवली तर गुरुजींचे स्मारक त्याहून वेगळे बांधावे लागणार नाही.