उंसावरील बुरशी कशी ओळखावी?



भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. प्रवरेच्या पाटाच्या पाण्यानें आमच्या नगर जिल्ह्यांतील, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील, माळांवर ऊंस डोलूं लागला. पण उंसामागोमाग त्याचे शत्रूहि आले. त्यांपैकीं बुरशीचे रोग नेमके कसे ओळखावे, तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

पहिला रोग काणी. रोगट उंसाच्या शेंड्यांतून चाबकासारखा लांब, काळा पट्टा निघतो. त्यावरील रुपेरी पापुद्रा फाटला कीं काजळीसारखी पूड वाऱ्यावर उधळते. ही पूड म्हणजेच बुरशीचीं असंख्य बीजें होत.

लाल कुज अशी उघड दिसत नाहीं. पानें वाळूं लागलीं म्हणजे कांडें उभें चिरावें. आंत तांबडा रंग, त्यांत आडवे पांढरे पट्टे आणि आंबूस वास आढळल्यास ती लाल कुज समजावी. सूक्ष्मदर्शकाखालीं हिचीं बीजें विळ्याच्या आकाराचीं दिसतात; हिच्या शास्त्रीय नांवांतील ‘फाल्काटम’ या लॅटिन शब्दाचा अर्थहि तोच. कांडें तपकिरी व पोकळ असून पांढरे पट्टे नसतील, तर तो मर रोग. लावलेलें बेणें न उगवतां सडलें व त्यास पिकल्या अननसाचा वास आला, तर तो अननस रोग.

ओळख चुकली कीं उपायहि चुकतो. अननस रोगापासून बचाव बेणें औषधांत बुडवून लावल्यानें पुष्कळ अंशीं होतो. काणी मात्र बेण्याच्या डोळ्यांत लपून पुढील लागणींत जाते आणि खोडव्यांत बळावते. म्हणून चाबूक दिसतांच त्यावर अलगद पिशवी घालून तो कापावा, बेट मुळासकट उपटून जाळावें, आणि त्या शेतांतील बेणें शेजाऱ्यास भिडेखातरहि देऊं नये. आपली भीड त्याचें वर्ष बुडवील!

पाडेगांवचें ऊंस संशोधन केंद्र १९३२ पासून या पिकाचा अभ्यास करीत आलें आहे. को ७४० ही जात उत्पन्नास चांगली, परंतु काणीस बळी पडणारी होती. १९९६ सालीं प्रसृत झालेली को ८६०३२ काणीपुढें अधिक टिकाव धरते. तथापि जात कितीहि चांगली असो, निरोगी बेण्यावांचून तिचा गुण टिकत नाहीं.

आपणांपैकीं पुष्कळांची जमीन गांवीं भाऊबंद कसतात. सणास गेलांत म्हणजे बांधावरून शेताकडे नुसते पाहूं नका. संशयित कांडें चिरून पाहा, आणि शंका राहिल्यास तें राहुरीच्या कृषि विद्यापीठांतील तज्ज्ञांस दाखवा. वर्गांतील मुलांप्रमाणें रोगहि नांवानिशीं ओळखावा लागतो. त्यावांचून तो आवरत नाहीं.