लंगडी, हाडे आणि मैदानाचा तास

(बुलढाणा जिल्ह्यातील एका माध्यमिक विद्यालयाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांनी केलेले भाषण)

मानवी हाड एकदा घडले की आयुष्यभर तसेच राहते, हा समज विज्ञानाच्या पुस्तकातील सांगाड्याच्या चित्रामुळे पक्का झालेला असला, तरी प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी मोडून नव्याने बांधला जातो, आणि तो कोठे भक्कम व कोठे विरळ बांधायचा याचा निर्णय बऱ्याच अंशी त्या हाडावर रोज पडणाऱ्या जोरावरून होतो. वाढत्या वयात होणारी हाडांची झीज आणि हाडाला जोर कसा जाणवतो, या विषयावर विद्यार्थ्यांना मार्गदर्शन व्हावे, अशी इच्छा संस्थेचे अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांनी निमंत्रणपत्रात व्यक्त केली होती. निमंत्रिताचे पाचवी ते दहावीचे शिक्षण याच विद्यालयात झालेले असल्यामुळे ती मोडणे शक्य नव्हते.

हाडात प्रामुख्याने तीन प्रकारच्या पेशी कार्यरत असतात. जुने हाड विरघळवणाऱ्यांना अस्थिभक्षक आणि नवे हाड रचणाऱ्यांना अस्थिजनक पेशी म्हणतात. तिसऱ्या अस्थिपेशी या मूळच्या अस्थिजनकच, परंतु स्वतः रचलेल्या हाडात गाडल्या गेलेल्या असून हाडातील एकूण पेशींपैकी ९० टक्क्यांहून अधिक त्याच असतात. पंचविशी-तिशीपर्यंत रचना वरचढ असते, पुढे हळूहळू झीज वरचढ होते. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे, म्हणजे रक्तातून फिरून दूरच्या अवयवांना आदेश देणाऱ्या द्रव्याचे, प्रमाण घटते, अस्थिभक्षक पेशींवरील लगाम सुटतो आणि पहिल्या काही वर्षांत हाड वेगाने विरळ होत जाते. पुरुषांत ही झीज उशिरा व सावकाश होते, परंतु टळत नाही. मणके खचून कमरेत वाकलेल्या आजी आणि न्हाणीत घसरण्याचे निमित्त होऊन खुब्याचे हाड मोडलेले आजोबा घाटावरच्या आणि घाटाखालच्या गावोगावी दिसतात, आणि घरची मंडळी ‘वयच झाले’ एवढे म्हणून तो विषय सोडून देतात.

हाडाला जोर कळतो ही कल्पना जुनी आहे. १८६६ च्या सुमारास झुरिच येथे मायर या शरीररचनाशास्त्रज्ञाने मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवला असता, कुलमान या अभियंत्याला त्यातील बारीक पट्ट्यांची दिशा आणि क्रेनमध्ये ताण ज्या रेषांनी वाहतो त्यांची दिशा यांत विलक्षण साम्य आढळले. पुढे १८९२ मध्ये युलिउस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने हाडाची रचना त्यावरील भाराप्रमाणे बदलते हा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. (शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे डोळे लावून बसलेल्या दहावीच्या विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, हाडांचे शास्त्र घडवण्यात डॉक्टरांबरोबर अभियंत्यांचाही वाटा आहे.) हाड जोराची दखल नेमकी कशी घेते, याचा उलगडा मात्र अलीकडच्या दशकांत होऊ लागला. अस्थिपेशी अतिसूक्ष्म नलिकांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात आणि त्या नलिकांत द्रव असतो. पावसाळ्यात काळ्या मातीवर पाय पडला की आतले पाणी जसे बाजूला सरकते, तसा पाऊल आपटताच हाड किंचित दबून हा द्रव सरकतो आणि त्याची ओढ पेशीच्या आवरणाला जाणवते. या आवरणात पिएझो-१ नावाचे प्रथिन असते, जे ताण पडताच उघडते आणि कॅल्शियमला पेशीत शिरू देते; पिएझो प्रथिनांचा शोध २०१० मध्ये लावणारे आर्डेम पाटापुटियन हे २०२१ च्या वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होत. जोर मिळत राहिला की अस्थिपेशी स्क्लेरोस्टिन हे हाडबांधणीला आवर घालणारे प्रथिन कमी सोडतात, आणि जोर मिळेनासा झाला की ते वाढून बांधणी मंदावते. वजनरहित अवस्थेत राहणाऱ्या अंतराळवीराच्या खुब्यातील हाडाची घनता महिन्याला एक टक्का किंवा त्याहून थोडी अधिक घटते, ते यामुळेच.

या साऱ्या संशोधनातील दोनच गोष्टी शाळकरी वयाच्या दृष्टीने येथे सांगण्यासारख्या आहेत. बाकीचा तपशील महाविद्यालयात गेल्यावर कळेलच. पहिली अशी की, स्थिर भाराची हाड फारशी दखल घेत नाही, त्याला बदलता आणि झटक्याने येणारा जोर लागतो. दुसरी अशी की, तो पुष्कळ वेळा मिळण्याची गरज नसते: रुबिन आणि लॅनियन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, पक्ष्याच्या पंखातील हाडावरच्या प्रयोगात दिवसाला ३६ वेळा दिलेला भार पुरेसा ठरला आणि तो याहून अधिक वेळा देऊन जास्तीचा लाभ झाला नाही, कारण पेशी थोड्याच वेळात जोराला सरावतात आणि पुन्हा सजग होण्यासाठी त्यांना विसावा लागतो. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात ६५ ते ८० वर्षे वयाच्या निरोगी पुरुषांना वर्षभर रोज एकाच पायावर ५० उड्या मारायला लावून दुसरा पाय तुलनेसाठी तसाच ठेवण्यात आला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उड्या मारणाऱ्या पायाच्या खुब्यातील हाडाची घनता किंचित वाढली आणि दुसऱ्या पायातील घटली. (सभागृहातील आजोबांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून घरी गेल्यावर हा प्रयोग करू नये, ठिसूळ झालेल्या हाडाला तो सोसणार नाही.) एका विद्यापीठाने वर्षभर खपून जे तपासले, ती महाराष्ट्रातील शाळकरी मुलामुलींची लंगडीच होय.

लंगडीचा विषय निघाला की या शाळेच्या मैदानाचा उल्लेख अटळ आहे. शाळेला कुंपण नव्हते त्या काळात मैदानाच्या कडेला लांब उडीचा खड्डा होता, ज्यात टाकण्यासाठी पैनगंगेच्या पात्रातील वाळू बैलगाडीने येई, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मैदान उघडले की पहिला आठवडा सराटे वेचण्यात जाई. घाटाखालच्या गावांतून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना बुलढाण्याकडची थंडी सोसत नसे, तरी सकाळच्या कवायतीतून त्यांची सुटका नव्हती. एरंडेल चोळून काळाभोर झालेला मल्लखांब, चुन्याने आखलेल्या आट्यापाट्यांच्या पाट्या, मुलींच्या लंगडीच्या सामन्याला भिंतीवर चढून बसलेला सारा वर्ग, आणि एका शिट्टीसरशी पसरणारी शांतता, या गोष्टींचा आजच्या विषयाशी संबंध काय, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडला असेल. संबंध असा की, ती शिट्टी वाजवणारे निवृत्त व्यायामशिक्षक आज पहिल्या रांगेत बसलेले आहेत, आणि उशिरा येणाऱ्यांना बेडूकउड्यांची शिक्षा देण्याची त्यांची पद्धत तेव्हा कितीही जुलमी वाटली, तरी अस्थिविज्ञानाच्या ग्रंथांत तिच्या विरोधात फारसे काही सापडत नाही. गुडघ्यांच्या तज्ज्ञांचे मत याहून वेगळे असू शकेल.

कॅनडातील सस्कॅचवान विद्यापीठात मुलामुलींच्या हाडांची वर्षानुवर्षे मोजणी केली असता असे दिसले की, प्रौढपणी असणाऱ्या हाडातील खनिजाचा सुमारे चौथा हिस्सा अवघ्या दोन वर्षांत जमा होतो, आणि ही दोन वर्षे मुलींमध्ये साडेबाराव्या, तर मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतात. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील अभ्यासात, पाळी सुरू होण्यापूर्वी किंवा त्या सुमारास टेनिस व स्क्वॉश खेळू लागलेल्या स्त्रियांच्या खेळत्या हाताला झालेला लाभ उशिरा सुरुवात केलेल्यांच्या दुपटीहून अधिक भरला. अमेरिकेतील ओरेगन येथे ६ ते १० वर्षांच्या मुलांनी सात महिने, आठवड्यातून तीनदा, सुमारे दोन फूट उंचीच्या खोक्यावरून शंभर उड्या मारल्या, तेव्हा त्यांच्या खुब्यातील व कण्यातील खनिज इतर मुलांच्या तुलनेत अधिक वाढले. म्हणजे सातवी ते नववी हा काळ हाडांच्या हिशेबात पुन्हा न येणारा आहे. आणि नेमक्या त्याच काळात वेळापत्रकात छापलेल्या मैदानाच्या तासाला फळ्यावर गणित असते, संध्याकाळ शिकवणीत जाते आणि उरलेला वेळ मोबाईलपुढे मान घालून बसण्यात संपतो. गणिताचे वैर येथे अभिप्रेत नाही. परंतु राहिलेले गणित विसाव्या वर्षी भरून काढता येते आणि राहिलेले हाड फारसे येत नाही, हा फरक गणिताच्या शिक्षकांनाच सर्वांत लवकर कळावा. विद्यार्थ्यांनी दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटे का होईना, लंगडी घालावी, दोरीवर उड्या माराव्यात, खो-खो खेळावा, आणि पायऱ्यांच्या शेवटच्या दोन-तीन पायऱ्या उडी मारूनच उतराव्यात, एवढाच या भाषणाचा आग्रह आहे.

खेड्यातील मुलींना घरकामातून आणि शेतीतून व्यायाम होतोच, मग वेगळ्या खेळाची गरज काय, असे डावीकडे बसलेल्या मातापालकांपैकी काहींच्या मनात आले असणे साहजिक आहे. कापूस वेचणे, सोयाबीन सोंगणे ही कामे अंग मोडणारी आहेत यात शंका नाही, परंतु तासन्‌तास वाकून राहण्यात हाडाला हवा असलेला झटका नसतो, आणि कष्टांच्या मानाने ताटात कॅल्शियम तोकडे असते. पुण्यातील हिराबाई कावसजी जहांगीर मेडिकल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतील लहान मुलांना कॅल्शियमयुक्त लाडू वर्षभर दिले आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्या मुलांच्या हाडांतील खनिजाची वाढ अधिक आढळली. त्याच संस्थेने पाळी सुरू न झालेल्या शाळकरी मुलींबाबत केलेल्या अभ्यासातही कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची जोड लाभदायक दिसली. भाकरीबरोबर तिळाची चटणी, दूध किंवा ताक, शेवग्याचा पाला आणि अंगावर थोडे ऊन एवढे जमवता आले, तर मैदानावर मारलेल्या उड्या वाया जाणार नाहीत. दूध मुलाच्या पेल्यात आणि चहा मुलीच्या कपात, ही काही घरांतील वाटणी मात्र हाडांच्या शास्त्राला सर्वस्वी अमान्य आहे, कारण पुढे पाळी थांबल्यावर अधिक झीज सोसायची आहे ती मुलीलाच.

बुलढाण्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालेले असल्यामुळे, या सभागृहातील काही विद्यार्थी उद्या आपल्याच जिल्ह्यातील आज्यांची हाडे मोजतील, अशी आशा बाळगता येते. अध्यक्ष महोदयांनी लांब उडीच्या खड्ड्याच्या जागी सायकल स्टँड बांधण्याचा मानस मघाशी चहाच्या वेळी व्यक्त केला. सायकली भिंतीकडेलाही उभ्या राहू शकतात, एवढे नमूद करून तो विषय संचालक मंडळाच्या सद्बुद्धीवर सोपवणे योग्य होईल. बक्षिसांची यादी लांब आहे आणि आठवीच्या मुलींचा लंगडीचा संघ केव्हापासून व्यासपीठाच्या पायऱ्यांपाशी उभा आहे. त्या संघाचा चषक प्रमुख पाहुण्यांऐवजी पहिल्या रांगेतील व्यायामशिक्षकांच्या हस्ते दिला जावा, ही विनंती सूत्रसंचालकांना चिठ्ठीने आधीच कळवण्यात आली आहे.