माळरान आणि आपली मुले

(विहाराच्या वर्धापनदिनी तरुण मंडळ व महिला मंडळ यांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी वर्षभराच्या कामाचा अहवाल वाचायचा असतो. रक्तदान शिबीर, अभ्यासिका, दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचा सत्कार, ही सगळी कामे आपल्या डोळ्यांसमोर झालेली आहेत. त्यांचा अहवाल फळ्यावर लावला आहे, तो जाता जाता वाचावा. आज आम्ही एकाच कामाविषयी बोलणार आहोत. ते म्हणजे नान्नजच्या सहली. कारण या कामाबद्दल वस्तीत बरीच चर्चा चालते. "पोरांना उन्हातान्हात माळावर नेऊन काय दाखवता? तिथं हाय काय?" असे आम्हाला नळावर, किराणा दुकानात, अगदी विहाराच्या पायरीवरही विचारले गेले आहे. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायला आम्ही बांधील आहोत.

पहिली गोष्ट, आपली पोरे शहरात जन्मली. आपले आजे-पणजे बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून पोटासाठी सोलापुरात आले. १८७७ साली इथे जुनी गिरणी निघाली, पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. भोंगा वाजला की माणसे कामावर. गावात जे भोगले ते मागे टाकायचे म्हणूनच पुष्कळजण आले, आणि ते योग्यच झाले. पण गाव सोडताना गावकुसाबाहेरची अन्यायाची रीत जशी सुटली, तशी एक चांगली गोष्टही सुटली. गवताची, पाखरांची, पावसाच्या खुणांची जी माहिती आपल्या बायाबापड्यांना होती, ती गिरणीच्या चाळीत उतरलीच नाही. पुढे गिरण्याही एकामागून एक बंद पडल्या. आजच्या पोराला मोबाईलवर आफ्रिकेतला सिंह ठाऊक असतो, पण आपल्या शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर लांडगा राहतो हे ठाऊक नसते.

आता नान्नज. बार्शी रस्त्याने एसटीने गेले तर तासाभराच्या आत पोहोचतो. १९७९ साली सरकारने माळढोक पक्ष्यासाठी इथे अभयारण्य जाहीर केले. त्याआधी सोलापूरचे बी. एस. कुलकर्णी यांच्यासारख्या पक्षिप्रेमींनी या पक्ष्याकडे जाणकारांचे लक्ष वेधले होते. माळढोक म्हणजे केवढा? नर उभा राहिला तर मीटरभर उंच आणि वजनाला पंधरा किलोपर्यंत. उडणाऱ्या पक्ष्यांमधल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. मादी उघड्या जमिनीवर अंडे घालते, तेही बहुधा एकच. त्या अंड्यावर कुत्र्याचा, कोल्ह्याचा किंवा गुराचा पाय पडला की वर्ष वाया. शिवाय या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही, म्हणून विजेच्या तारांवर आदळून तो मरतो. आज साऱ्या देशात मिळून दीडशेच्या आसपास माळढोक उरले आहेत, त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. आपल्या नान्नजला तो दिसणे आता फार विरळ झाले आहे. आमच्या सहलीत एकदाही दिसलेला नाही. हे आम्ही पालकांना आधीच सांगतो, नाहीतर पोरे घरी येऊन म्हणायची, "फसवलं".

मग बघायचे काय? पहिल्या खेपेला मुलांचाही हाच प्रश्न होता. "इथं तर झाडच नाही." जंगल म्हटले की दाट झाडी, असे पाठ्यपुस्तकाने डोक्यात बसवलेले. माळ म्हणजे पडीक, ओसाड, कुणाच्याच उपयोगाचा नसलेला. आम्ही मुलांना खाली बसवले. गवताच्या कुसळांनी सगळ्यांच्या पँटी भरल्या होत्या. एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर बाटलीतले दोन थेंब पाणी टाकायला सांगितले. कुसळ हळूहळू फिरायला लागले. स्क्रूसारखे! ओल लागली की त्याचा पीळ सुटतो, वाळले की परत बसतो, आणि असे फिरत फिरत ते बी स्वतःला जमिनीत रोवून घेते. पहिल्या पावसात ही सगळी कुसळे माळभर जमिनीत शिरत असतात. जी मुले वर्गात मागच्या बाकावर झोपतात ती अर्धा तास कुसळांना पाणी पाजत बसली. एकाने तर डबीत भरून घरी आणली, आईची बोलणीही खाल्ली.

आपल्या भागात पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. माती पातळ, खाली मुरूम. अशा जागी निसर्गाने गवतच ठेवले आहे. ते मुळांनी माती धरते, पाणी मुरवते, मेंढरांना चारा देते. काळवीट, लांडगा, खोकड, ससा, चंडोल, धाविक ही सारी मंडळी याच गवतावर जगतात. हिवाळ्यात मध्य आशियाकडून भोवत्या नावाचा शिकारी पक्षी येतो. दिवसभर शेतावरून खाली खाली उडत नाकतोडे, उंदीर टिपतो आणि संध्याकाळी गवतात उतरून झोपतो. शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदारच तो! अशा माळावर उत्साहाने झाडे लावली तर काय होते? ग्लिरिसिडियासारखी परदेशी झाडे लावली गेली, आणि जिथे माळढोकाला चहूबाजूंनी मोकळे दिसायला हवे तिथे आडोसे झाले. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण जयंतीला वृक्षारोपण करायची आपली चांगली रीत आहे. ती चालूच ठेवायची. शहरात लिंब लावा, वड लावा, शाळेच्या आवारात लावा, जगवा. पण गवताच्या माळावर खड्डे घेऊ नका.

टिटवीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या कितीतरी घरांत अजून म्हणतात, रात्री टिटवी ओरडली की कुणीतरी जाणार. बाबासाहेबांची बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरातसुद्धा टिटवी ओरडली की म्हातारी दारात येऊन थुंकते! उन्हाळ्याच्या तोंडाशी आम्ही माळावर असताना एक टिटवी आमच्या डोक्यावरून घिरट्या घालत जिवाच्या आकांताने ओरडायला लागली. मुली घाबरल्या. बरोबरच्या जाणकारांनी सगळ्यांना जागीच थांबवले आणि बोट दाखवले. दहा पावलांवर खड्यांमध्ये चार अंडी, अगदी खड्यांसारखीच ठिपक्यांची. ना घरटे, ना आडोसा. आम्ही मागे सरलो तशी ती शांत झाली आणि परत येऊन अंड्यांवर बसली. आठवीतली एक मुलगी एवढेच म्हणाली, "म्हणजे ती आपल्याला घाबरत्येय, आणि आपण तिला." अंधश्रद्धेवर आम्ही या विहारात व्याख्याने ठेवली आहेत, चांगले वक्ते आणले आहेत. पण त्या मुलीच्या घरी टिटवीचे भय त्या दिवशी गेले, ते आमच्या कुठल्या व्याख्यानाने गेले नव्हते. उलट त्या मुलीची आजी म्हणाली, "अगं, आमच्या रानात ढिगानं असायच्या. अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस दांडगा, असं म्हणायचे." खरेखोटे तपासायला हवे, पण त्या आजीला इतके ठाऊक आहे हे त्या घरात कुणाला माहीत होते? आता मुले दिसलेल्या पाखराचे वर्णन लिहून आणतात आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना नाव विचारतात. नावांची वही तयार होते आहे.

एक अवघड विषय आहे, तो टाळून चालणार नाही. माळ म्हणजे सरकारी भाषेत गायरान. आणि गायरानाचे आपल्या समाजाशी नाते काय आहे हे इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. ज्यांच्या नावावर सातबाराच नाही, त्यांनी जगायचे कुठे? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसे तुरुंगात गेली. त्यानंतर कित्येक वर्षांनी, १९९१ साली, शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय काढला. तो गावोगाव किती अमलात आला हे ज्यांचे नातेवाईक अजून कचेरीत हेलपाटे घालतात त्यांना विचारा. म्हणजे ज्या माळाला आपण 'पोट भरायची जमीन' म्हणतो, तोच माळढोकाचे घर. दुसरीकडे, अभयारण्य सुरुवातीला जाहीर झाले ते सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत मिळून सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे. त्यात शेती, गावे सगळेच आले. जमीन विकायची तर अडचण, बांधकामाची अडचण. लोक पक्ष्यावरच रागावले. पुढे ते क्षेत्र पुष्कळच कमी करण्यात आले, पण तोवर पक्षीही कमी झाला होता.

काहीजण आम्हाला म्हणतात, "पाखरं वाचवायचं खूळ पोट भरलेल्यांचं, आपलं काम हक्काचं." आम्हाला हे पटत नाही. गायरान मोठ्या प्रमाणावर कुणी गिळले याचा हिशेब काढा. दोन एकर कसणाऱ्या भूमिहीनाने माळ संपवलेला नाही. माळाला 'पडीक' ठरवून जो तो आपल्या सोयीने वापरत गेला, त्यात माळ संपला. मेंढपाळ धनगर, भूमिहीन आणि माळढोक, तिघांचेही नुकसान एकाच शब्दाने केले. आपल्या मुलांनी उद्या ग्रामसभेत, कचेरीत, कोर्टात बोलायचे असेल तर त्यांना कायदाही ठाऊक हवा आणि गवतही ठाऊक हवे. यावर वस्तीत मतभेद आहेत, राहू द्यात. अभ्यासिकेत मोठ्या मुलांचा याच विषयावर वाद ठेवला होता, तो दोन तास चालला आणि निकाल लागला नाही.

धम्माच्या अंगानेही एक गोष्ट. वर्षावास आपण सगळे पाळतो. तो का सुरू झाला? विनयात कारण दिले आहे : पावसाळ्यात भिक्खू फिरत राहिले की कोवळे गवत आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणून एका जागी राहायचे. अडीच हजार वर्षांपूर्वी गवताची तक्रार ऐकून घेतली गेली. आम्ही फक्त आठवण करून देतो.

आता पालकांच्या शंका. "अभ्यास बुडतो." सहल रविवारी असते, पहाटे सहाला निघून दुपारी दोनपर्यंत परत. परीक्षेच्या महिन्यात ठेवत नाही. "खर्च?" एसटीचे तिकीट आणि घरची भाकरी, शेंगा चटणी. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, तेव्हा मुलींना तर आणखी स्वस्त. दुर्बिणी दोनच आहेत, वर्गणीतून घेतलेल्या, पाळीपाळीने वापरतात. "मुलींचं कसं?" महिला मंडळाच्या दोन जणी प्रत्येक सहलीत असतात, स्वच्छतागृहाची सोय आधी बघून ठेवतो. आणि "काळी पडेल" या शंकेला मात्र आमच्याकडे उत्तर नाही, ते ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

"यातून मिळणार काय?" मारुती चितमपल्ली यांचे नाव सगळ्यांनी ऐकले आहे. ५ नोव्हेंबर १९३२ रोजी आपल्याच सोलापुरात जन्मले. वनखात्यात नोकरी करत नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट इथली जंगले पायाखाली घातली, आदिवासींकडून शब्द गोळा केले, पक्षिकोश केला. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरातच त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर ते डॉ. सलीम अलींचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर हा आठवडा आपल्या राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. प्रत्येकजण चितमपल्ली होणार नाही, कबूल. पण वनरक्षकाची भरती निघते, बारावीवर. लेखी परीक्षा आहे, धावायचे आहे, चार तासांत लांबचा पल्ला चालायचा आहे. आपली मुले पोलीस भरतीची तयारी करतातच की. त्याच मैदानावर याचीही होईल.

शेवटी पुढारीपणाचे. सहलीत आठ-आठ मुलांच्या टोळ्या असतात, प्रत्येकीचा प्रमुख मुलगा किंवा मुलगी. मोजणी, पाणी, कचरा, वेळ सगळे त्याच्याकडे. दर वेळी प्रमुख बदलतो. ज्याने एकदा पाहिले त्याने पुढच्या खेपेला लहानांना दाखवायचे, हा नियम. याच मुलांनी हिवाळ्यात रविवारी सकाळी संभाजी तलावावर, म्हणजे आपल्या कंबर तलावावर, पाखरे मोजायला सुरुवात केली. आणि याच मुलांनी जयंतीच्या बैठकीत उभे राहून मागणी केली की पाणपोईवर प्लास्टिकचे ग्लास नकोत, स्टीलचे ठेवा, धुवायचे आम्ही बघतो. मोठी मंडळी हसली. "एप्रिलच्या उन्हात हजारो माणसांचे ग्लास कोण धुणार?" चर्चा तापली. ठराव एका मताने पास झाला. मुलांनी पाळ्या लावून रात्री अकरापर्यंत ग्लास धुतले. सहा ग्लास हरवले, त्याचा हिशेबही त्यांनीच दिला.

पुढची सहल पक्षी सप्ताहातल्या रविवारी आहे. नावे पौर्णिमेपर्यंत अभ्यासिकेत द्यावीत. टोपी, दोन बाटल्या पाणी, भाकरी, वही, पेन्सिल. भडक रंगाचे कपडे नकोत, स्पीकर तर मुळीच नको. आतापर्यंत एकतीस मुलांची नावे आली आहेत. दोन आज्यांनीही यायचे म्हटले आहे, तेव्हा एसटीत पुढचे बाक त्यांच्यासाठी धरायची जबाबदारी पहिल्या टोळीकडे दिली आहे.

जयभीम.