साक्षीदाराची उलटतपासणी



पदवीदानाच्या या व्यासपीठावरून राष्ट्रोद्धाराविषयी बोलण्याचा प्रघात आहे, हे ठाऊक असूनही मी आपणांपुढे यीस्टच्या एका पेशीची हकिकत मांडणार आहे. कारण ज्या विषयात माझी उमेदीची वर्षे गेली, त्याच्या हद्दीबाहेर जाऊन उपदेश करण्याचा अधिकार मला कोणी बहाल केलेला नाही.

पेशीचे पटल जेमतेम पाच नॅनोमीटर जाडीचे, आणि त्या स्निग्ध थरात रुतलेली प्रथिने म्हणजे तिचे द्वारपाल नि जासूद. त्यांपैकी कोणाचे कोणाशी संधान आहे हे जाणण्यासाठी त्यांना साबणासारख्या द्रव्यांनी बाहेर काढावे, तर ती बहुधा आपला आकार आणि आपले सोबती दोन्ही गमावून बसत. जबानीसाठी कचेरीत आणलेल्या इसमाची वाटेतच शुद्ध हरपावी, तसा तो प्रकार. १९८९ साली स्टॅन्ली फील्ड्स आणि ओक-क्यू साँग यांनी जिवंत यीस्टमध्येच प्रथिनांची भेट ओळखण्याची युक्ती काढली खरी, परंतु ती भेट केंद्रकात व्हावी लागे, आणि पटलात गुंतलेल्याला तेथे जाण्याची मुभा नाही.

१९९४ साली निल्स जॉन्सन आणि अलेक्झांडर वार्शाव्स्की यांनी शहात्तर अमिनो आम्लांच्या युबिक्विटिनचे दोन तुकडे करून ते दोन प्रथिनांना जोडले. प्रथिने जवळ आली की तुकडे जुळतात, आणि ती जुळणी ओळखून पेशीतील विकरे पुढे जोडलेला भाग छाटून मोकळा करतात. इगोर स्टॅग्लियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली हा मोकळा होणारा भाग जनुके जागी करणारा असा निवडला, जेणेकरून पटलावरची वार्ता केंद्रकात रुजू व्हावी आणि यीस्टची वसाहत निळी पडावी.

मला मात्र यात थोर वाटते ती गोष्ट निराळीच. युबिक्विटिनच्या मूळ तुकड्यांना परस्परांची ओढ एवढी, की प्रथिनांची गाठ पडो न पडो, ते आपखुशीने जुळत; असा साक्षीदार प्रत्येक फिर्यादीला होकारच देणार. म्हणून तेराव्या स्थानावरचे आयसोल्यूसीन काढून तेथे ग्लायसीन बसवण्यात आले, आणि आपलाच साक्षीदार बुद्धिपुरस्सर दुबळा करण्यात आला. मूळचा बलवान तुकडाही निकामी ठरला नाही. समोरचे प्रथिन जागेवर हजर आहे की नाही, एवढ्यापुरती त्याची साक्ष आजही घेतात.

हे सारे पुस्तकात वाचूनही, संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी, निळ्या वसाहतींनी भरलेली प्लेट पाहून मी रातोरात सर्वांना वर्दी दिली. सकाळी पाहतो तो ज्या प्रथिनाचा काडीमात्र संबंध नव्हता, त्याची कंट्रोलची प्लेटही तितकीच निळी! प्रथिनांची निर्मिती मी बेसुमार वाढवून ठेवली होती, आणि गर्दीत धक्का लागला म्हणून सोयरीक होत नसते. निर्मिती आवरून पुन्हा मांडणी करण्यात तीन महिने गेले, आणि निळ्यांतून दोनच जोड्या उरल्या. त्या दोन्ही मी फर्स्टरच्या १९४८ सालच्या सिद्धान्तावर आधारलेल्या प्रकाशपरीक्षेस लावल्या, ज्यात अंतराच्या सहाव्या घाताने ऊर्जेचे संक्रमण घटते आणि दहा नॅनोमीटरपलीकडे जवळजवळ काहीच उरत नाही. एक जोडी टिकली. दुसरी अजून शीतपेटीत आहे. तिच्याविषयी मी अद्याप काहीही छापलेले नाही.