विमानतळ गाठायचा कसा

मागच्या वेळी आपण गटाच्या वहीतल्या चुकांवर बोललो होतो. आज विषय वेगळा आहे. ऐकून काहीजणी हसतील, पण शेवटपर्यंत ऐका.

आमच्या गटातल्या चौघी दिवाळीनंतर लंडनला जाऊन आलो. फिरायला. आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या काकी, त्यांची मुलगी तिथे नर्स आहे, ईस्ट हॅम नावाच्या भागात राहते. राहण्याजेवण्याची सोय तिच्याकडे होती. विमानाच्या तिकिटासाठी आम्ही चार वर्षं कोकम आणि मसाल्याच्या नफ्यातून वेगळी प्रवासपेटी ठेवली होती. गटाच्या बचतीला हात लावलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात त्यावर बरीच चर्चा झाली आहे.

तिकिटं निघाली आणि मग खरा प्रश्न उभा राहिला. विमान काही आपल्या अंगणातून सुटत नाही. आमचं गाव सावंतवाडी तालुक्यात. जातानाचं विमान मुंबईहून, लंडनला उतरायचं हीथ्रोवर. परतीचं स्वस्त तिकीट मिळालं ते गॅटविक या दुसऱ्याच विमानतळावरून, आखातात विमान बदलून गोव्याला, मोपावर. म्हणजे चार विमानतळ, चारही वेगवेगळे. गावातून मुंबईला स्पेशल गाडी सोळा हजार सांगितली. लंडनमधली टॅक्सी जाता-येता वीस हजारांच्या घरात. गोव्याहून घरी तीन हजार. एकूण 39 हजार! पेटीत तेवढे नव्हतेच. चौघींतली एक वहिनी म्हणाली, ‘मी राहते, तुम्ही तिघी जाऊन या.’ तिचं तिकीट रद्द केलं असतं तर निम्मे पैसेही परत आले नसते. त्या रात्री आम्ही वही घेऊन बसलो.

पहिली गोष्ट, तारीख. इथे आम्ही तोंडावर आपटणार होतो. तिकिटावर लिहिलं होतं शनिवार, 02:10. आम्ही बी.ए. झालेल्या, आम्ही शुक्रवार संध्याकाळची तुतारी एक्स्प्रेस बुक करून मोकळ्या. बैठकीत सगळं वाचून दाखवलं. काकी चौथी शिकलेल्या. त्या म्हणाल्या, ‘गो, म्हणजे शुक्रवारी रात्री जेवन निघूचा की शनिवारी?’ आणि आमच्या डोक्यात प्रकाश पडला. 02:10 म्हणजे शुक्रवारची रात्र उलटल्यावरचे दोन! आमची तुतारी शनिवारी सकाळी दादरला पोचली असती, तोवर विमान आखातावर. तिकिटं रद्द केली, माणशी सव्वाशेच्या आसपास कापले गेले, आणि गुरुवारची काढली. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, आमच्या हातात अजून चाळीस दिवस होते म्हणून जागा मिळाली. युरोपकडची आणि आखाताकडची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतरच सुटतात, तेव्हा ही चूक कुणाचीही होऊ शकते.

दुसरी गोष्ट, तिकिटावरची तीन अक्षरं. आता मुंबईजवळ दोन विमानतळ आहेत. बी-ओ-एम म्हणजे अंधेरी-सहारचा जुना, एन-एम-आय म्हणजे उलव्याकडचा नवी मुंबईचा. नवी मुंबई असेल तर आपण कोकणातल्यांनी दादरपर्यंत जायचंच नाही, पनवेलला उतरायचं. गोव्यातही तसंच. जी-ओ-आय म्हणजे वास्कोजवळची दाभोळी, जी-ओ-एक्स म्हणजे पेडण्यातला मोपा. याचं पुढे काय झालं ते सांगतोच.

गावातून सावंतवाडीला एसटी. मार्च 2023 पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे, 75 वर्षांवरच्यांना ते लागतच नाही. स्टेशन शहराबाहेर मळगावला आहे, तिथवर चौघींत एक रिक्षा. तुतारीचं स्लीपरचं तिकीट चारशेच्या आत. सकाळी दादर. विमान रात्रीचं, मग दिवस कुठे काढायचा? हॉटेल घेतलं असतं तर सगळी बचत तिथेच संपली असती. गिरगावात आमच्या गावकरी मंडळाची खोली आहे. पूर्वी गिरणीतले चाकरमानी तिथे राहायचे, आता गर्दी नसते. आंघोळ, जेवण, झोप, सगळं तिथे झालं. तुमच्याही गावाची अशी खोली मुंबईत असेल, सासऱ्यांना विचारून बघा.

गिरगावातून आता जमिनीखालची मेट्रो थेट विमानतळाच्या टर्मिनल दोनपर्यंत जाते, गाडी बदलावी लागत नाही. माणशी शंभराच्या आत. पण मेट्रो रात्रभर चालत नाही. म्हणून विमान दोनचं असलं तरी आम्ही साडेआठलाच निघालो. लवकर पोचलो, आत सोडेपर्यंत बाहेर बसून भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. आजूबाजूचे बघत होते. बघू देत. एक मात्र पाळा: बॅग अशीच भरा की जी जिन्यावरून आपली आपल्याला उचलता येईल. कुली नाही, भावोजी नाहीत.

हीथ्रोवरून लंडनला जायला तीन प्रकारच्या गाड्या आहेत. हीथ्रो एक्स्प्रेस सगळ्यांत जलद आणि सगळ्यांत महाग. एलिझाबेथ लाईन त्याखालोखाल. पिकाडिली लाईन सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत हळू. आम्हाला कसली घाई? काकींची मुलगी घ्यायला आली होती. पिकाडिलीने हॅमरस्मिथ, तिथे त्याच फलाटाच्या दुसऱ्या बाजूला डिस्ट्रिक्ट लाईन, ती थेट ईस्ट हॅमला. पूल चढा, जिना उतरा, काही नाही. तिथे तिकीट म्हणजे एक कार्ड, आत जाताना टेकवायचं, बाहेर पडतानाही टेकवायचं. प्रत्येकीचं वेगळं. वहिनीने येताना आमच्यातल्या एकीचं कार्ड उचललं आणि दोघींचे जास्त पैसे कापले गेले, कारण यंत्राला वाटतं तुम्ही उतरलातच नाहीत. तेव्हा कार्डावर नेलपॉलिशने खूण करा.

लंडन कसं होतं ते पुढच्या भागात, नाहीतर वेळ पुरायचा नाही.

परतीला गॅटविक. हा विमानतळ लंडनच्या दक्षिणेला, शहरापासून बराच लांब. तिथेही एक्स्प्रेस नावाची महागडी गाडी आहेच. पण डिस्ट्रिक्ट लाईनने ब्लॅकफ्रायर्सला गेलं की थेम्सलिंकची साधी गाडी गॅटविकला नेते. सकाळी साडेनऊनंतर निघालं तर भाडंही कमी, ऑफिसच्या गर्दीच्या वेळी जास्त असतं. दोन्ही वेळचं मिळून माणशी अडीच हजारांच्या आत झालं.

आणि मग मोपा. मोपा आपल्याला जवळ, बांद्याच्या पलीकडेच. आम्ही बाहेर आलो तर गाडी नाही. फोन लावला. गाडीवाला म्हणाला, ‘मी कधीचो उभो आसंय, तुम्ही खंय?’ तो दाभोळीला! आम्ही त्याला निरोपात नुसतं ‘गोवा एअरपोर्ट’ लिहिलं होतं. ज्या तीन अक्षरांचा धडा आम्ही बैठकीत घेतला, तो निरोपात मात्र विसरलो. त्याचा दोष नव्हता. दोन तास बाकावर बसलो, काकी तिथेच आडव्या झाल्या. दोन हजार ठरले होते, वर दीड हजार द्यावे लागले. मोपावरून कदंबच्या बसा आहेत, म्हापशाहून पुढे एसटीही मिळते. आपली अर्धी सवलत तिथे राज्याच्या हद्दीपुरतीच चालते, तरी स्वस्तच पडलं असतं. पण इतक्या प्रवासानंतर बॅगा घेऊन दोन बसा बदलायची कुणाच्यात ताकद नव्हती. या ठिकाणी गाडीचे पैसे खर्चणं बरोबर होतं असं आम्हाला आजही वाटतं.

हिशेब बैठकीत वाचून दाखवला. माणशी चार हजारांच्या आसपास, चौघींचे मिळून सोळा हजार. 39 चे सोळा झाले. वहिनी आमच्याबरोबर आली, आणि थेम्सच्या पुलावरचा तिचा फोटो आता तिच्या घरी टीव्हीच्या वर लावलेला आहे.

पेटीत उरलेले पैसे तसेच ठेवलेत. पुढच्या वेळी कोण जाणार यावर सोमवारी चिठ्ठ्या टाकायच्या आहेत. काकींनी एकच अट घातली आहे, तिकीट आलं की आधी त्यांना वाचून दाखवायचं. नमस्कार.