नवं पिल्लू आणताना



दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार इथल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. कुत्रं अनेकदा तिथल्या झोपडीपर्यंत, म्हणजे कोपीपर्यंत, सोबत जातं, मांजर मात्र घराला धरून राहतं. ते मागं राहिलेल्या आजीजवळ, नाहीतर शेजाऱ्यांच्या भरवशावर दिवस काढतं. हंगाम संपून, पट्टा पडून माणसं परततात, तेव्हा काही घरांत ते भेटत नाही.

‘मांजरच ते, दुसरं आणा’ असं चटकन बोलून जाऊ नये. रिकाम्या घरात जिनं हंगामभर त्याच्याशीच बोलत दिवस काढले, त्या आजीचं दुःख खरं आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीची एक कबर सापडली, तिच्या शेजारीच मांजर पुरलेलं होतं. ही माया फार जुनी आहे.

मन वळलं की नवं पिल्लू जरूर आणावं, त्यात गेलेल्याशी बेइमानी नाही. मात्र पहिलं कशानं गेलं, ते आधी पाहावं. ज्वारीच्या पोत्यांजवळ उंदरांचं औषध टाकलं होतं का? त्यानं मेलेला उंदीर खाऊनही मांजर दगावतं. उलट्या-जुलाबांनी गेलं असेल, तर पॅनल्युकोपेनिया हा मांजरांचा आजार असू शकतो. त्याचा विषाणू घरात वर्षभरही टिकतो. म्हणून जुनं पोतं, वाटी काढून टाकावी, फरशी ब्लीचच्या पाण्यानं पुसावी आणि पिल्लू लस देऊनच घरात घ्यावं. ही लस ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होते. पुढं पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी द्यावी लागते. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर. पशुवैद्यकांना विचारून वेळापत्रक लिहून घ्यावं.

नव्याला जुन्याचं नाव देऊ नये. ‘ती अशी नव्हती’ हे त्याला रोज ऐकवू नये. त्याचा स्वभाव वेगळा, भीती वेगळी. पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवावं, आपणहून जवळ येऊ द्यावं.

आणि यंदा कोयता घेऊन निघताना मांजर ज्याच्या स्वाधीन करतो आहोत, त्या माणसाला नीट सांगावं, मांजराच्या दूध-भाकरीची सोय लावून द्यावी. ज्याला घरात घेतलं, त्याची काळजी आपण नसतानाही आपलीच असते.