हातातले वाद्य कोणी काढून घेतले?

(अभ्यासमंडळाच्या बैठकीत माहितीपट दाखविण्यापूर्वी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण जो छोटा अमेरिकन माहितीपट पाहणार आहोत, त्याची ओळख करून देण्याचे काम माझ्याकडे आले ते मी संगीतातला जाणकार आहे म्हणून नव्हे. मी अनुवादक आहे. चित्रपटातील संभाषणाचा मराठी तर्जुमा करताना काही शब्दांपाशी अडलो, एवढीच माझी पात्रता. त्यांतला एक शब्दप्रयोग अगदी साधा होता : शाळेचे वाद्य. म्हणजे शाळेत ठेवलेले वाद्य नव्हे. तर शाळेच्या मालकीचे, मुलाला विनामूल्य घरी न्यायला मिळणारे, वर्ष संपले की परत करावयाचे आणि बिघडले तर शिक्षणखात्यानेच दुरुस्त करून द्यावयाचे वाद्य. एवढा सगळा अर्थ अमेरिकन श्रोत्याला दोन शब्दांत कळतो. एके काळी कळत असे, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. कारण त्या देशातील बहुतेक शहरांत ही व्यवस्था मोडीत निघाली आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा तडाखा कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांच्या मुलांना बसला आहे.

एक तक्रार आपण अनेकदा वाचतो. आजोबा सॅक्सोफोन वाजवीत, वडील गिटार वाजवीत, आणि नातू मात्र यंत्राची बटणे दाबतो. कृष्णवर्णीय तरुणांना आता वाद्य शिकण्याचे कष्ट नकोत, असा या तक्रारीचा आशय. गोरे समीक्षक असे लिहितात, वयोवृद्ध कृष्णवर्णीय वादकही व्यथित होऊन असे बोलतात. आपल्यातील काही सोबती तर सगळ्या रॅप संगीताला मक्तेदार कंपन्यांचा माल ठरवून मोकळे होतात. मला या तक्रारीत एक प्रश्न वगळलेला दिसतो. आजोबांच्या हातात सॅक्सोफोन आला कोठून?

शिकागोच्या दक्षिण भागाचे उदाहरण घेऊ. दक्षिणेकडील राज्यांतून वंशद्वेष आणि दारिद्र्य यांना कंटाळून आलेली लक्षावधी कुटुंबे त्या काळी शिकागोच्या कत्तलखान्यांत, पोलाद कारखान्यांत आणि धुणीभांड्यांच्या कामांत राबत होती. तेथील वेंडेल फिलिप्स या सरकारी शाळेत आणि १९३५ नंतर ड्यूसेबल या नव्या शाळेत वॉल्टर डायट नावाचे संगीतशिक्षक होते. पलटणीच्या बँडचे ते प्रमुख होते, म्हणून सर्व त्यांना कॅप्टन म्हणत. शिस्त पलटणीचीच. १९६०च्या दशकाच्या आरंभापर्यंत त्यांनी शिकविले. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांची नावे ऐका : नॅट किंग कोल, जीन अ‍ॅमन्स, जॉनी ग्रिफिन, व्हॉन फ्रीमन, डायना वॉशिंग्टन, एडी हॅरिस, जॉन गिलमोर, रिचर्ड डेव्हिस. जॅझचा इतिहास लिहावयाचा तर ही नावे टाळता येत नाहीत, आणि ती सगळी एका वस्तीतील या दोन सरकारी शाळांच्या हजेरीपटावर होती. वाद्यांसाठी पैसा कमी पडे तेव्हा डायट मुलांनाच घेऊन दरवर्षी एक रंगमंचीय कार्यक्रम बसवीत आणि तिकिटांच्या उत्पन्नातून संगीत विभागाची गरज भागवीत.

लॉस एंजेलिसमध्ये हीच गोष्ट जेफरसन हायस्कूलची. १९३६ साली सॅम्युअल ब्राउन तेथे शिक्षक म्हणून रुजू झाले. त्या शहराच्या माध्यमिक शाळांत कृष्णवर्णीय शिक्षक म्हणून नेमणूक मिळालेल्या पहिल्यावहिल्या काहींपैकी ते एक. जवळच सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू हा कृष्णवर्णीयांचा गजबजलेला रस्ता. तेथील धंदेवाईक वादकांना ते वर्गात बोलावून मुलांसमोर वाजवायला लावीत. डेक्स्टर गॉर्डन, आर्ट फार्मर, फ्रँक मॉर्गन, होरेस टॅपस्कॉट ही त्यांच्या विद्यार्थ्यांची नावे. त्याच रस्त्यावर वादकांच्या युनियनची कचेरी होती, स्थानिक शाखा क्रमांक ७६७. तेथे तालमी चालत आणि पोरे दाराशी उभी राहून ऐकत. गोऱ्या वादकांची शाखा वेगळी होती. कामगारांच्या संघटनेतही वर्णभेद होता, हे लपविण्यात अर्थ नाही. वादकांनी स्वतः झगडून १९५३ साली दोन्ही शाखा एक केल्या.

यातले काही आपल्याला सर्वस्वी परके नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या गरीब घरच्या मुलांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकविली. तीच मुले पोटासाठी मुंबईस आली. ताजमहाल हॉटेलात १९३०च्या दशकात अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादक येऊन जॅझ वाजवू लागले, तेव्हा त्यांच्या पंक्तीला बसण्याची तयारी असलेले वादक या शाळांतून आलेले होते. पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांच्या ताफ्यात गोव्याची माणसे होती. पुढे त्याच मंडळींनी हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. संगीत रक्तात असते असे आपण सहज बोलून जातो. रक्तात असेलही, पण बोटांत यायला शाळा लागते, आणि कोणीतरी विकत घेतलेले व्हायोलिन लागते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अमेरिकेत सरकारी शाळांचा खर्च मोठ्या प्रमाणात स्थानिक घरपट्टीतून चालत आलेला आहे. ज्या वस्तीतील घरे महाग, तेथील शाळा श्रीमंत. ज्या वस्तीतील घरांना किंमत नाही, तेथील शाळा कंगाल. कृष्णवर्णीयांना चांगल्या वस्तीत घर घेण्यास कैक दशके बँकांनी आणि सरकारने मिळून मज्जाव केला, हे ध्यानात घेतले म्हणजे या कराचा वर्गीय आणि वांशिक अर्थ स्पष्ट होतो. टेक्सासमधील मेक्सिकन वंशाच्या गरीब पालकांनी या विषमतेविरुद्ध दाद मागितली. १९७३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की ही विषमता राज्यघटनेचा भंग करीत नाही आणि शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. एका मताने किती मुलांचे काय गेले, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

त्यानंतर घाव लागोपाठ पडले. १९७५ साली न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर आले. बँकांच्या अटी मान्य करून नगरप्रशासनाने हजारो शिक्षकांना घरी बसविले. संगीत आणि चित्रकला या 'अनावश्यक' विषयांचे शिक्षक त्यांत आघाडीवर होते. १९७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात 'प्रस्ताव १३' मतदानाने मंजूर झाला आणि घरपट्टी मालमत्तेच्या करमूल्याच्या एक टक्क्यावर बांधली गेली. कराचे उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून खाली आले. छोट्या घरमालकाला दिलासा, असा त्याचा प्रचार झाला. पण मोठमोठ्या व्यापारी मालमत्तांनाही तोच लाभ मिळाला. शाळांनी काटकसर सुरू केली ती बँडच्या खोलीपासून. कारण उघड आहे. गणिताचा शिक्षक काढला तर बोभाटा होतो. ट्राँबोन शिकविणारा काढला तर त्या वर्षी कोणाला काही कळत नाही. कळते ते वीस वर्षांनी. २००२ साली नवा शिक्षण कायदा आला आणि शाळेचे भवितव्य वाचन व गणिताच्या चाचण्यांवर टांगले गेले. ज्या शाळांना नापास ठरण्याची धास्ती अधिक, त्यांनी उरलासुरला संगीताचा तासही चाचण्यांच्या तयारीला दिला. गरीब वस्त्यांतील शाळा त्याच होत्या, हे सांगायला नकोच.

येथे मला एका सोप्या स्पष्टीकरणापासून आपल्याला सावध करावयाचे आहे. आपल्या बाजूचे लेखक कधी कधी लिहितात, की शाळेतली वाद्ये गेली म्हणून मुलांनी ग्रामोफोन उचलला आणि हिप-हॉप जन्मले. इतिहास इतका सरळ नाही. ब्राँक्समध्ये सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरील ज्या इमारतीत जमैकाहून आलेल्या क्लाइव्ह कॅम्बेल ऊर्फ कूल हर्क या तरुणाने दोन तबकड्या फिरवून नाचाचा जलसा केला, ती तारीख ११ ऑगस्ट १९७३ ची आहे. म्हणजे शिक्षककपातीच्या दोन वर्षे आधीची. त्याने सोबत आणली होती ती जमैकातील रस्त्यावरच्या ध्वनिक्षेपकांची परंपरा. त्याच भागातील ग्रँडमास्टर फ्लॅश हा पोरगा ज्या सरकारी तांत्रिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकला, तिचे नाव सॅम्युअल गॉम्पर्स या कामगार पुढाऱ्यावरून ठेवलेले होते. तबकडी कोठे थांबवायची, सुई कोठे टेकवायची, एकीवरून दुसरीवर ताल न मोडता कसे जायचे, हे त्याने महिनोन्‌महिने खपून बसविले. त्याला कष्ट नकोत असे म्हणणाऱ्याने हे काम एकदा करून पाहावे.

तेव्हा रॅपने वाद्याला मारले हे खरे नाही, आणि वाद्य मेले म्हणून रॅप आले हेही खरे नाही. पण एक गोष्ट झाली. वाद्य आणि तबकडी या दोहोंतून निवड करण्याची मुभा श्रीमंत मुलाला राहिली, गरीब मुलाला राहिली नाही. सॅक्सोफोन विकत घ्यायचा, दर काही आठवड्यांनी नवी पाती घ्यायची, खाजगी शिकवणी लावायची, हे बस-ड्रायव्हरच्या किंवा इस्पितळातल्या आयेच्या पगारात बसत नाही.

याचा पुरावा पाहावयाचा तर जेथे शिक्षक टिकला तेथे काय झाले, ते पाहावे. लॉस एंजेलिसमधील वॅट्स या वस्तीत १९६५ साली मोठा उद्रेक झाला. त्यानंतर दोन वर्षांनी तेथे अ‍ॅलन लॉक या कृष्णवर्णीय तत्त्वज्ञाच्या नावाने हायस्कूल उघडले. रेगी अँड्रूज या शाळेत संगीत शिकवीत. १९८२ साली गाजलेल्या 'लेट इट व्हिप' या गीताच्या कर्त्यांपैकी ते एक. मनात आणते तर शाळा सोडून धंद्यात रमले असते. ते वर्गातच राहिले. पॅट्रिस रशेन, एन्डुगू चान्स्लर, जेराल्ड अल्ब्राइट ही पहिली पिढी. पुढे बजेट आटले तेव्हा त्यांनी निरनिराळ्या शाळांतील मुले एकत्र करून एक बँड उभा केला. त्यातून सॅक्सोफोनवादक कमासी वॉशिंग्टन आणि बासवादक थंडरकॅट तयार झाले. केंड्रिक लमार या रॅप कवीच्या २०१५ सालच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेत हेच वादक आहेत. बटणे आणि सॅक्सोफोन यांचे भांडण लावणाऱ्यांना ते एकाच खोलीत बसून काम करताना येथे सापडतील. रेगी अँड्रूज २०२२ साली वारले. त्यांची शाळा त्याआधीच, २००८ मध्ये, एका खाजगी संचालकाच्या हाती सोपविण्यात आली होती.

शिकागोत परतून आता एक लढा सांगतो. कॅप्टन डायट १९६९ मध्ये निवर्तल्यावर दक्षिण भागातील एका सरकारी शाळेला त्यांचे नाव देण्यात आले. महापौरांनी नेमलेल्या शिक्षणमंडळाने २०१२ साली ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले. दुसऱ्याच वर्षी शहरातील सुमारे पन्नास सरकारी शाळा एकदम बंद झाल्या, त्यांत बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय होती. महापौर रिपब्लिकन नव्हते, डेमोक्रॅटिक पक्षाचे होते, हेही सांगून ठेवतो. २०१५ मध्ये डायटमधील अखेरच्या वर्गात तेरा मुले उरली. त्या वर्षी १७ ऑगस्टला बारा जण शाळेबाहेर खुर्च्या टाकून उपोषणाला बसले. पालक होते, आज्या होत्या, शिक्षक होते. काहींना इस्पितळात न्यावे लागले. चौतीस दिवसांनी उपोषण सुटले. २०१६ साली शाळा पुन्हा उघडली. वस्तीतील मुलांना खुला प्रवेश असलेली, सरकारी, आणि कलाशिक्षणाला वाहिलेली. उपोषणकर्त्यांनी आखलेली शाळा पर्यावरण आणि तंत्रविद्येची होती. मंडळाने दिली ती कलाशाळा. म्हणून त्यांच्यापैकी कित्येकांनी याला विजय म्हणायला नकार दिला. त्यांची चीड मी समजू शकतो. तरीही ज्या माणसाने तिकिटे विकून मुलांना क्लॅरिओनेट मिळवून दिले, त्याच्या नावाच्या दाराला कुलूप राहिले नाही, ते त्या बारा जणांमुळेच.

कॅलिफोर्नियात मतदारांनी २०२२ च्या नोव्हेंबरात 'प्रस्ताव २८' मंजूर केला. त्यामुळे दरवर्षी सुमारे एक अब्ज डॉलर सरकारी शाळांतील कला व संगीत शिक्षणासाठी राखून ठेवावे लागतात, आणि मोठ्या शाळाखात्यांनी त्यातला बहुतांश पैसा माणसे नेमण्यावर खर्च करावा असे बंधन आहे. शिक्षकांच्या युनियनांनी त्याला पाठिंबा दिला होता. २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमधील काही पालक न्यायालयात गेले, की हा पैसा नव्या शिक्षकांवर न जाता जुन्याच खर्चाची भरपाई करण्यात मुरतो आहे. कायदा झाला म्हणजे काम झाले असे नव्हे, हे आपल्याला येथेही ठाऊक आहे.

उरला माहितीपट. त्याचे नाव 'द लास्ट रिपेअर शॉप', म्हणजे दुरुस्तीचे अखेरचे दुकान. बेन प्राउडफुट आणि क्रिस बॉवर्स यांनी तो २०२३ साली केला आणि पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळाले. बॉवर्स हा कृष्णवर्णीय संगीतकार स्वतः त्या शहराच्या सरकारी शाळांतील पियानोवर शिकलेला. लॉस एंजेलिसच्या शाळाखात्याचा हा कारखाना १९५९ पासून सुमारे ऐंशी हजार वाद्ये मुलांसाठी फुकट दुरुस्त करीत आला आहे. बिऱ्हाड मोडून मेक्सिकोहून आलेली एक स्त्री तेथे पितळी वाद्यांचे पोचे काढते. अझरबैजानातून परागंदा व्हावे लागलेला एक आर्मेनियन पियानो लावतो. आपण गवयांची नावे घेतो, यांची घेत नाही. सॅक्सोफोनच्या आत मुलांनी काय काय कोंबून ठेवलेले सापडते, ते मात्र मी आधी सांगत नाही.

सुमारे चाळीस मिनिटांचा खेळ आहे. पडदा लागला आहे असे कळते. मागे उभ्या असलेल्या सोबत्यांनी पुढे सतरंजीवर यावे. इंग्रजी संभाषण मी मधूनमधून मराठीत सांगेन. कोणी वाजवीत असेल तेव्हा गप्प राहीन.